बाबांच्या कागदावरची ती ओळ

बाळ,

शिष्यवृत्तीचा अर्ज परत आल्याचं तुझं पत्र वाचलं. सैनिक कल्याण कार्यालयात पुन्हा जाऊन भांडायचं तुझ्या मनात आहे, ते थांबव. तिथे बसलेल्या माणसाला तुला हो म्हणायचा अधिकारच नाही. पंतप्रधान शिष्यवृत्ती माजी सैनिकांच्या मुलांसाठी आहे, मुलींना महिना ३,००० रुपये आणि मुलग्यांना २,५००. सरकारी व्याख्येप्रमाणे तुझे बाबा माजी सैनिकच ठरत नाहीत. खरी अडचण ही आहे.

मुदत पुरी होण्याआधी आजारपणामुळे घरी पाठवलेल्या जवानाला माजी सैनिक कधी म्हणायचं? आजार सेवेमुळे झाला असं मान्य होऊन त्याला अपंगत्वाचं पेन्शन मिळालं असेल तर. बाबा २००४ मध्ये बोर्ड आऊट झाले, म्हणजे आजारामुळे सेवेतून काढले गेले, तेव्हाच्या मेडिकल बोर्डाने, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळाने, लिहिलं की हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेत वाढलेलाही नाही. मग पेन्शन नाही, म्हणून माजी सैनिकाचं ओळखपत्र नाही, म्हणून तुझा अर्ज परत. अपील करायचं ते त्या ओळीविरुद्ध. आणि ते तुला करता येणार नाही, बाबांनाच करावं लागेल.

माझी सगळी नोकरी सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसात, जवानांच्या सेवेच्या फायलींमध्ये गेली. ही ओळ मी असंख्य फायलींत पाहिली आहे, आणि बहुतेक ठिकाणी तिच्याखाली कारण लिहिलेलंच नसायचं. नेमक्या याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग यांच्या खटल्यात निकाल दिला. त्यांनाही फिट्सच येत होत्या, तुझ्या बाबांसारख्याच. भरतीच्या वेळच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच उद्भवला असं धरायचं. तसं नाही म्हणायचं असेल तर बोर्डाने कारण द्यायचं. जवानाने काही सिद्ध करत बसायचं नाही, आणि शंका राहिली तर फायदा त्याचा. पुढच्याच वर्षी, सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात, न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली: ज्याला आजारामुळे नोकरीतूनच काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांहून कमी होतं असं मानता येणार नाही. पेन्शनसाठी किमान २० टक्के लागतात, म्हणून हा निकाल महत्त्वाचा.

'इतक्या वर्षांनी कोण ऐकणार' असं बाबा म्हणाले, असं तू लिहिलंस. ऐकतात. पेन्शन न देणं हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने तरसेम सिंग यांच्या खटल्यात २००८ मध्येच मानलं. उशिराची किंमत एवढीच की थकबाकी साधारणपणे अर्ज करण्याआधीच्या तीन वर्षांचीच मिळते.

मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. ज्यांना पेन्शन नाही अशांची कागदपत्रं सैन्य २५ वर्षं ठेवतं आणि मग नष्ट करतं. बाबांची ती मुदत २०२९ मध्ये भरते. म्हणून बाकी सगळं मागे ठेव आणि आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाक. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, बाबांची सही, आणि अर्ज त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं सागरला. मेडिकल बोर्डाची संपूर्ण कार्यवाही आणि भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणी अहवाल, दोन्हींच्या साक्षांकित प्रती माग. 'माझ्या सेवेची सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नकोस, उत्तरही मोघमच येईल. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यांच्याच वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील.

कागद हातात आले की बाबांच्या नावाने रेकॉर्ड ऑफिसकडे पेन्शनचं अपील जाईल. मुदत टळली म्हणून ते फेटाळतील असंच धरून चल. फेटाळल्याचं पत्रही आपल्या कामाचं आहे, कारण सशस्त्र दल न्यायाधिकरणात जायला ते लागतं. फेटाळल्याच्या आदेशाच्या तारखेपासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा. सहा महिने उत्तरच आलं नाही तरी तिथे जाता येतं. त्याचं खंडपीठ मुंबईतच आहे, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. थकबाकीत हिस्सा मागणारे लोक भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठव. निकालाच्या रकमेत वाटा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी मना आहे. अपंग व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मागता येतो, तो आपण मागू.

आता अवघड भाग. बाबा टॉवरवर सिक्युरिटीची नोकरी करतात आणि फिट्सचं तिथे कुणाला माहीत नाही. केस केली की ते उघडं पडेल, या धास्तीने ते गप्प आहेत, असं मला वाटतं. 'माझ्या फीसाठी करा' असं त्यांना म्हणू नकोस. मुलीपुढे आपण कमी पडलो, एवढंच त्यांना ऐकू येईल. तरणाताठा, धडधाकट म्हणून सैन्याने घेतलेला मुलगा आजारी होऊन परत आला आणि ते त्याचंच दुखणं ठरवलं गेलं. ती नोंद चुकीची असू शकते, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही. धरमवीर सिंग यांचा निकाल त्यांना वाचून दाखव आणि मग त्यांना वेळ दे. सही मागायची घाई त्या दिवशी नको.

तुझ्याशी खरं बोलतो. ही शिष्यवृत्ती पहिल्या वर्षाला प्रवेश घेतानाच मागता येते. बाबा जिंकले तरी ती बहुधा तुझ्या हाती लागणार नाही. तुझ्या धाकट्या भावाला लागेल, आणि बाबांना पेन्शन व दवाखान्याची सोय. तरीही हे कर असं मी सांगतो, कारण ते पैसे आणि ती ओळख त्यांची आहे.

आणि वर्ष वाया घालवायचा विचार सोडून दे. २०२४ पासून महाराष्ट्रात आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुझं प्रमाणपत्र यात बसतं. महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भर, उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून आजच मागव, आणि कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नकोस.

रविवारी बाबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं पुस्तक, घेऊन ये, सगळ्या पानांच्या झेरॉक्ससह. माहिती अधिकाराचा मसुदा आपण इथेच बसून लिहू. बाबांना यावंसं वाटलं तर त्यांनाही घेऊन ये, नाही तर मी भांडुपला येतो.

तुझा,
काका