दोनशे-तीनशे पौंडांचा मेटल डिटेक्टर छंदासाठी पुरतो का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. नुकतेच सफोकमध्ये राहायला आला आहात, आसपासच्या शेतांत डिटेक्टर घेऊन फिरणारे लोक पाहून तुम्हालाही हा छंद लागावासा वाटतोय. तर अडीचशे पौंडांचं यंत्र पुरेल की हजाराच्या वरचंच घ्यावं? आणि सुट्टीत तेच यंत्र गावी, रत्नागिरीकडे नेलं तर चालेल का? पहिल्याचं उत्तर एका शब्दात: पुरतं. नामांकित कंपनीचं दोनशे-तीनशे पौंडांचं यंत्र सफोकच्या नांगरलेल्या शेतात पुढची कित्येक वर्षं तुम्हाला कमी पडणार नाही. मी याच भागात बरीच वर्षं हा छंद करतो आहे, आणि नव्या माणसाने पहिल्याच दिवशी हजार-बाराशे पौंड घालवलेले पाहिले की मनापासून वाईट वाटतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वेगळं आहे, ते शेवटी देतो.

महाग यंत्र खूप खोलवरचं शोधतं, ही समजूत सगळ्यात जास्त पैसे घालवते. कॉइलमधून, म्हणजे दांडीच्या टोकाच्या तारेच्या तबकडीतून, निघणारं चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होत जातं. ते खालच्या नाण्यापर्यंत पोचतं, नाण्यात भोवऱ्यासारखे फिरणारे वीजप्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचं क्षेत्र वर परत येताना पुन्हा घनाच्याच प्रमाणात क्षीण होतं. जाऊन-येऊन हिशेब सहाव्या घाताचा. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौसष्टाव्या हिश्शावर येतो. उलट बाजूने पाहिलं तर यंत्र दुप्पट संवेदनशील केलं तरी खोली वाढते जेमतेम बारा टक्के. साध्या यंत्राला वीस सेंटिमीटरवरचं नाणं ऐकू येत असेल, तर दुप्पट संवेदनशील यंत्राला ते साडेबावीसवर येईल. सहा-सात इंच खोलवरचं नाणं दाखवणं आजच्या कुठल्याही चांगल्या स्वस्त यंत्राला जमतं.

शिवाय ती जास्तीची खोली शेतात वापरायचीच नसते. इंग्लंड आणि वेल्समध्ये जबाबदारीने डिटेक्टिंग कसं करावं याची एक आचारसंहिता आहे, आणि ती नांगराने उलटलेल्या थरातच खणायला सांगते. हा थर साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरांचा असतो. त्यातल्या वस्तू नांगराने आधीच हललेल्या असतात. त्या उचलल्या म्हणजे पुढच्या नांगरटीत मोडण्यापासून वाचतात. त्याखालची माती मात्र शेकडो वर्षांपूर्वी होती तशीच, थरावर थर जपून राहिलेली असू शकते. तिला हात लावणं हे पुरातत्त्वज्ञांचं काम.

मग हजार पौंडांत मिळतं काय? काही गोष्टी खऱ्याच मिळतात. जुन्या रोमन वस्तीच्या जागेवर मातीत खिळ्यांचा सडा असतो. तिथे खिळ्याचा आवाज संपून शेजारच्या नाण्याचा आवाज वेगळा ऐकू यायला यंत्राला क्षणभर सावरावं लागतं, आणि महाग यंत्रं फार लवकर सावरतात. एक्सपी या फ्रेंच कंपनीच्या ड्यूस यंत्राचं नाव झालं ते मुख्यतः याच गुणामुळे. मध्ययुगातली हाताने ठोकलेली चांदीची नाणी कागदासारखी पातळ असतात, आणि सुटे पैसे म्हणून ती अर्धी किंवा पाव कापूनही वापरत. असे पाव तुकडे महाग यंत्राने जास्त सापडतात हे मी क्लबात डोळ्यांनी पाहिलं आहे. वजन कमी असतं, हेडफोनला वायर नसते. दिवसभर हात फिरवल्यावर खांदा काय म्हणतो त्याला या वयात मी बरीच किंमत देतो. पण यातलं काहीही शिकाऊ माणसाची अडचण नाही. पहिल्या वर्षी राहून जातं ते कान तयार नसल्यामुळे आणि कॉइल जमिनीपासून वीतभर वर उचलली जात असल्यामुळे.

समुद्रकिनारा हा अपवाद. मिठाच्या पाण्याने भिजलेली वाळू स्वतःच वीजवाहक असते, त्यामुळे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं यंत्र ओल्या वाळूवर सारखं बडबडतं. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारं यंत्र मिठाचा प्रतिसाद वेगळा ओळखून वजा करतं. पूर्वी ही सोय फक्त महाग यंत्रांत होती. २०१९ मध्ये मिनलॅब कंपनीने व्हँक्विश ही स्वस्त मालिका काढली आणि ही सोय सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. त्याच वर्षी तुर्कस्तानच्या नोक्टा कंपनीचं सिम्प्लेक्स आलं: फ्रिक्वेन्सी एकच, पण पूर्ण यंत्र पाण्यात बुडवता येतं आणि ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीचा स्वतःचा प्रतिसाद वजा करणं, आपल्या हाताने करता येतं. त्या वेळच्या व्हँक्विशची कॉइल पाण्यात चालते, वरचा डबा नाही. तुम्ही फेलिक्सस्टोच्या किनाऱ्यावर जास्त जाणार असाल तर व्हँक्विश, शेतात आणि ओढ्यात जाणार असाल तर सिम्प्लेक्स. गॅरेटची एस मालिका याहून जुनी आणि साधी. एस २५० वर इथल्या अख्ख्या पिढीने हात बसवला, आणि वापरलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर मी आजही नको म्हणणार नाही.

स्वस्त म्हणजे मी या यंत्रांना म्हणतोय. ऑनलाइन दिसणारी चाळीस-पन्नास पौंडांची, काटा हलणारी, कुणी बनवली ते कळत नाही अशी यंत्रं वेगळी. त्यांत जमिनीचा प्रतिसाद वजा करण्याची धड सोय नसते. गवतात पडलेली किल्ली सापडेल, शेतात नाणं नाही. मुलाला खेळायला हवं असेल तर घ्या. सुरक्षारक्षकांच्या हातातल्या दांडीचाही जमिनीवर उपयोग नाही. आणि काही मीटर खोलवरचं सोनं दुरून दाखवतो असं कुणी म्हणालं, तर ते यंत्र कितीही महाग असो, त्याच्यापासून दूर राहा. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्यासाठी म्हणून विकलं जाणारं एक खेळणं बॉम्बशोधक म्हणून इराकला विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनच्या न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. आत काहीही नसलेली हिंदकळती अँटेना, एवढंच ते होतं. सोनं शोधण्याच्या नावाने तसलीच अँटेना आजही विकली जाते.

वाचलेल्या पैशांतून पहिल्याच दिवशी पिनपॉइंटर घ्या. हातात धरायची ही छोटी कांडी खड्ड्यात किंवा काढलेल्या ढेकळात वस्तू नेमकी कुठे आहे ते सांगते. तिच्याशिवाय पाच मिनिटांचा खड्डा वीस मिनिटांचा होतो, शिवाय फावड्याने नाणं खरवडलं जाण्याची भीती. दुसरं, चांगल्या पोलादाचं अरुंद पात्याचं फावडं. बागकामाचं स्वस्त फावडं सफोकच्या चिकणमातीत वाकतं. तिसरं, हेडफोन. क्षीण सिग्नल वाऱ्यात उघड्या कानाला ऐकूच येत नाही.

मग घरच्या बागेत सराव करा. एक नाणं, एक अंगठी, कॅनची कडी आणि खिळा वेगवेगळ्या खोलीवर पुरा, वर खूण करा आणि त्यांवरून कॉइल फिरवत आवाज ओळखायला शिका. नाणं निवडताना एक काळजी घ्या. १९९२ नंतरच्या एक आणि दोन पेन्सच्या नाण्यांत आत पोलाद असतं, वर फक्त तांब्याचा मुलामा. त्यांवर सराव केला तर कानाला चुकीची सवय लागेल, म्हणून त्याआधीचं नाणं घ्या. खिळ्याचा आवाज एका दिशेने छान उंच येतो, पण त्याच जागी काटकोनात वळून कॉइल फिरवली की तो तुटतो. नाणं सहसा दोन्ही बाजूंनी तसंच बोलतं. धातू ओळखायला यंत्र पडद्यावर आकडा दाखवतं, पण कॅनची कडी आणि सोन्याची अंगठी यांचा आकडा बरेचदा सारखाच येतो, आणि हे हजार पौंडांच्या यंत्रातही तसंच आहे. कडी नको म्हणून तो आकडा बंद केला की सोनंही बंद. कड्या खणाव्याच लागतात.

आता ज्यावर सगळं अवलंबून आहे ते: जमीन. इथे प्रत्येक तुकड्याला मालक आहे आणि त्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. सार्वजनिक पायवाट शेतातून जात असली तरी ती चालण्यापुरती. शेतकऱ्याला पत्र लिहा, समोर जाऊन भेटा, काही सापडलं तर वाटणी कशी हे आधीच कागदावर ठेवा. पिकाच्या दिवसांत दूर राहा, खड्डे बुजवा, गेट पाहिलं तसंच बंद करा. कापणीनंतर नांगरून रोलर फिरवलेलं शेत मिळालं तर त्यासारखं सुख नाही. संरक्षित स्मारक म्हणून नोंदलेल्या जागेत लेखी संमतीशिवाय डिटेक्टर वापरणं १९७९ च्या कायद्याने गुन्हा आहे. जाण्याआधी नकाशा तपासा. नॅशनल कौन्सिल फॉर मेटल डिटेक्टिंगचे सदस्य व्हा, त्यात विमा येतो, आणि विमा आहे म्हटल्यावर शेतकरी निम्मा तयार होतो. पूर्व इंग्लंडात महायुद्धातल्या विमानतळांची गर्दी होती, म्हणून जुना स्फोटक गोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना फोन करा.

सापडलेल्या वस्तू पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या योजनेच्या स्थानिक अधिकाऱ्याला दाखवा. तीनशे वर्षांपेक्षा जुनी आणि किमान दहा टक्के सोनं किंवा चांदी असलेली वस्तू १९९६ च्या ट्रेझर ॲक्टखाली येते. एकटं नाणं यातून सुटतं, पण तशी दोन नाणी एकत्र मिळाली तर सुटत नाहीत. अशी वस्तू चौदा दिवसांत कळवावी लागते. साधी बकलं, बटणं, शिशाच्या गोळ्या दाखवणं बंधनकारक नाही, तरी दाखवा. त्या योजनेत नोंदलेल्या वस्तू पंधरा लाखांच्या वर गेल्या आहेत आणि इतिहासाचे अभ्यासक त्यांवर काम करतात. आपल्यासारख्या परक्या मुलखातून आलेल्या माणसाचं बोट लागून त्या नोंदींच्या नकाशावर एक ठिपका वाढतो, याचा मला फार आनंद होतो.

तुमच्याच काउंटीतलं हॉक्सन गाव माहीत असू द्या. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिथल्या पीटर व्हॉटलिंग या शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्याने एरिक लॉज या निवृत्त मित्राला बोलावलं. लॉजकडे निवृत्तीची भेट म्हणून मिळालेला डिटेक्टर होता. हातोडी शोधताना चांदीचे चमचे, सोन्याचे दागिने आणि नाणी यायला लागली. थोडं काढल्यावर लॉज थांबला, आणि पोलिसांना व पुरातत्त्वज्ञांना कळवलं गेलं. त्यामुळे सुमारे पंधरा हजार रोमन नाणी आणि बाकीचा ऐवज ज्या पेटीत, ज्या क्रमाने ठेवला होता तो क्रम नोंदवता आला. सगळं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, हातोडीसकट. लॉजच्या हातात कुठलं यंत्र होतं यापेक्षा तो थांबला हे मोलाचं.

आता रत्नागिरी. यंत्राच्या बाजूने आधी सांगतो. कोकणातला जांभा म्हणजे लोहाच्या ऑक्साइडांनी भरलेला दगड, आणि त्याच्या मातीतले काही बारीक कण धातूसारखाच प्रतिसाद देतात. सफोकमध्ये शांत असणारं यंत्र तिथे सतत कुरकुरेल, आणि संवेदनशीलता कमी केली की खोलीही घटेल. किनाऱ्यावर इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची काळी रेती आहे, ओल्या पुळणीत मीठ आहे. तिथे निदान ग्राउंड बॅलन्स असलेलं, आणि जमल्यास अनेक फ्रिक्वेन्सींचं यंत्र लागेल. पैसे जास्त घालण्याला खरं कारण कुठे असेल तर ते इथे.

पण तेवढ्यासाठी घेऊ नका, कारण कायदा. भारतात इंग्लंडसारखी नोंदणीची योजना नाही. १८७८ चा इंडियन ट्रेझर ट्रोव्ह ॲक्ट अजून लागू आहे: जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, त्यात काय, किती, कुठे आणि कोणत्या तारखेला हे लिहावं लागतं, आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तारण द्यावं लागतं. लपवलं तर आपला हिस्सा जातो आणि वर्षापर्यंत कैद होऊ शकते. किल्ला, लेणं, जुनं देऊळ अशा संरक्षित जागी तर यंत्र गाडीतून बाहेरही काढू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं, साधी शिवराई का असेना, १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतं. ते खिशात घालून इंग्लंडला आणणं हा गुन्हा आहे. आणि गावात डिटेक्टर दिसला की गुप्तधनाची कुजबूज सुरू होते. त्यातून कोण कसला मांत्रिक घेऊन दारात येईल सांगता येत नाही, आणि गुप्तधनापायी काय अघोरी प्रकार झाले आहेत ते आपण वर्तमानपत्रांत वाचलं आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत मौल्यवान वस्तूंच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्यं मुद्दाम घातली आहेत ती त्यामुळेच.

घरच्या आवारात कुणाची अंगठी हरवली, बागेत कोयता गवताखाली गेला, पुळणीत एखाद्या पर्यटक बाईंचं मंगळसूत्र पडलं, एवढ्यासाठी यंत्र नेलंत तर उपयोगाचं आहे, आणि त्याला सिम्प्लेक्स किंवा व्हँक्विश भरपूर झालं. त्यात खणताना काही जुनं वर आलं तर तिथेच थांबा, फोटो घ्या आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज लिहा.