वाचकांच्या शंका : प्रतिपिंडांची इंजेक्शने, कर्करोग आणि आमवात

प्रश्न : माझ्या सासूबाईंची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली आहे. अहवालात ‘हर-टू : २+’ असे लिहिले आहे. आमच्याच गल्लीतील एका काकूंना याच आजारासाठी वर्षभर अँटिबॉडीचे इंजेक्शन दिले आणि त्या आज ठणठणीत आहेत. आमच्या डॉक्टरांनी मात्र आणखी एक तपासणी सांगितली आणि इंजेक्शनचे नंतर पाहू, असे म्हटले. हे इंजेक्शन सर्वांनाच का देत नाहीत? (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंड, आणि ते उपचार म्हणून टोचणे आपल्या भागाला नवे नाही. शेतात साप चावलेल्या माणसाला सरकारी दवाखान्यात जी सर्पदंशाची लस देतात, तिच्यात घोड्याच्या शरीरात तयार झालेले प्रतिपिंडच असतात. घोड्याला विषाच्या अगदी अल्प मात्रा वारंवार टोचतात आणि त्याच्या रक्तातून विषाविरुद्धचे प्रतिपिंड वेगळे काढतात. घटसर्प आणि धनुर्वात यांच्यासंदर्भात ही वाट बेरिंग आणि कितासातो यांनी १८९० मध्येच दाखवली होती. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर एकच लस चालते, कारण तिच्यात नाना प्रकारच्या प्रतिपिंडांचे मिश्रण असते. कर्करोगात असे मिश्रण कामाचे नाही. तिथे एकाच खुणेला चिकटणारे, हुबेहूब एकसारखे प्रतिपिंड लागतात. ते हवे तितके तयार करण्याची रीत १९७५ मध्ये केंब्रिज येथे कोलर आणि मिलस्टाइन यांनी शोधली. प्रतिपिंड बनवणारी उंदराची पेशी आणि अखंड वाढत राहणारी कर्करोगाची पेशी यांचा त्यांनी संकर केला. या कामासाठी त्यांना १९८४ चे नोबेल मिळाले.

आपल्या प्रश्नाचे उत्तर ‘एकाच खुणेला’ या शब्दांत आहे. काकूंना बहुधा ट्रास्टुझुमॅब दिले असावे. अमेरिकेत १९९८ मध्ये मान्यता मिळालेले हे औषध ‘हर-टू’ नावाच्या प्रथिनाला चिकटते, आणि स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांपैकी साधारण पंधरा ते वीस जणींच्याच गाठीत हे प्रथिन प्रमाणाबाहेर असते. अहवालात ० किंवा १+ असेल तर हर-टू नाही, ३+ असेल तर आहे, असे धरतात. २+ म्हणजे निर्णय झालेला नाही. तो ‘फिश’ तपासणीने होतो, ज्यात त्या प्रथिनाच्या जनुकाच्या प्रती मोजल्या जातात. पसरलेल्या आजारात १+ आणि २+ च्या रुग्णांनाही उपयोगी पडणारे, प्रतिपिंडाला केमोचे औषध जोडलेले नवे इंजेक्शन आता आहे, पण शस्त्रक्रियेनंतर लगेच त्याचा विचार करण्याचे कारण नाही. सारांश, डॉक्टर टाळाटाळ करत नसून योग्य क्रमाने जात आहेत. फिशचा निकाल ‘पॉझिटिव्ह’ आला, तर हे इंजेक्शन सहसा केमोथेरपीच्या जोडीने सुरू करून एकूण वर्षभर देतात, आणि हृदयावर परिणाम होऊ शकत असल्यामुळे दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावी लागते. जन आरोग्य योजनेत ते बसते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रांना इंजेक्शन सुरू होण्याआधी विचारावे, कारण नंतर मंजुरी घेताना फार धावपळ होते.

एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. फिशसाठी गाठीचा मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, लागतो आणि बऱ्याचदा तो नातेवाइकांच्याच हाती देऊन दुसऱ्या शहरातील प्रयोगशाळेत पाठवतात. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तो ठेवू नये, मेण मऊ पडते. आणि तपासणीनंतर तो आठवणीने परत मागून घ्यावा.

प्रश्न : माझे वय ४१. सात वर्षांपासून आमवात आहे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या घेऊनही बोटांची सूज उतरत नाही, सकाळी पदर खोचणेही जमत नाही. डॉक्टरांनी अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शने सुचवली, पण आधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करायला सांगितली. मला खोकला नाही, ताप नाही. टीबीची तपासणी केली म्हटले की गावात चर्चा सुरू होते. ती टाळता येईल का? (एक वाचक भगिनी, गंगाखेड)

उत्तर : नाही, ताई, ती टाळू नका. कारण समजून घेतले तर ही तपासणी संशयावरून नव्हे, तर या औषधाच्या कामामुळेच करावी लागते, हे लक्षात येईल.

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर चालून जाते. या हल्ल्यात पेशी एकमेकींना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांतला एक म्हणजे टीएनएफ. तो अडवला तर सांध्यांची सूज उतरते, हे लंडनमध्ये फेल्डमन आणि मैनी यांनी दाखवले. १९९२ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णांना टीएनएफविरोधी प्रतिपिंड दिले. अ‍ॅडालिमुमॅब त्याच जातीचे आहे. मात्र टीएनएफचा शरीराला दुसरा उपयोगही आहे. आयुष्यात कधीतरी टीबीचे जंतू श्वासावाटे शरीरात गेलेली, पण आजारी न पडलेली माणसे आपल्या देशात कोट्यवधी आहेत. अशा माणसाच्या शरीरात पेशी त्या जंतूंभोवती दाट वेढा घालून त्यांना वर्षानुवर्षे कोंडून ठेवतात, आणि तो वेढा टिकवून धरण्याचे काम टीएनएफ करतो. टीएनएफ अडवला की वेढा सैल पडू शकतो. इन्फ्लिक्सिमॅब या पहिल्या टीएनएफविरोधी औषधानंतर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या निम्म्यांत उपचार सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांच्या आतच आजार उघड झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांचा टीबी फुप्फुसाबाहेरचा होता. म्हणून खोकला नाही यावर विसंबता येत नाही.

तपासणीत सुप्त टीबी, म्हणजे असे कोंडलेले जंतू, आढळला तरी घाबरू नका आणि इंजेक्शनचा मार्ग बंद झाला असेही समजू नका. सुप्त टीबी दुसऱ्याला लागत नाही. सहा महिने आयसोनियाझिड, किंवा आठवड्यातून एकदा असे तीन महिने दोन औषधे, असा प्रतिबंधक उपचार असतो आणि तो सुरू होऊन साधारण महिना झाला की टीएनएफविरोधी इंजेक्शन सुरू करता येते. तपासणी निर्दोष आली तरी पुढे बारीक ताप, रात्रीचा घाम, घटणारे वजन किंवा मानेत गाठ आढळल्यास पुढचे इंजेक्शन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. गावातल्या चर्चेपेक्षा उशिरा कळलेला मणक्याचा किंवा मेंदूचा टीबी फार महागात पडतो.

खर्चाविषयी आपण विचारले नाही, तरी सांगतो. अ‍ॅडालिमुमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती, म्हणजे मूळ औषधाशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीने बनवलेले औषध, २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने भारतात आणली, आणि त्यानंतर हे औषध कितीतरी अधिक घरांच्या आवाक्यात आले. भारतीय कंपनीचे आहे म्हणून ते कमी प्रतीचे समजू नये.

प्रश्न : माझ्या मामांना गालाच्या आतला कर्करोग आहे. शस्त्रक्रिया आणि शेक झाल्यावरही तो सहा महिन्यांत परत आला. पुण्याच्या नातेवाइकांनी एक व्हिडिओ पाठवला आहे की इम्युनोथेरपीने शेवटच्या टप्प्याचा कर्करोगही बरा होतो. मामा दोन एकर विकायला निघाले आहेत. काय करावे? (एक वाचक, केज)

उत्तर : जमिनीचा व्यवहार थांबवा आणि आधी हे वाचा.

आपल्या प्रतिकारयंत्रणेतील टी-पेशींना स्वतःच्याच शरीरावर उलटू न देण्यासाठी नैसर्गिक ब्रेक असतात. कर्करोगाची पेशी तोच ब्रेक दाबून टी-पेशीला थोपवते. सीटीएलए-४ हा ब्रेक सोडवून कर्करोगावर उपचार करता येतो हे जेम्स अ‍ॅलिसन यांनी दाखवले, तर पीडी-१ हा दुसरा ब्रेक तासुकु होंजो यांनी शोधला. दोघांना २०१८ चे नोबेल मिळाले. असा ब्रेक सोडवणाऱ्या उपचारालाच व्हिडिओत इम्युनोथेरपी म्हटले असावे; त्यातले निवोलुमॅब हे इंजेक्शन पीडी-१ ला अडवणारे प्रतिपिंड आहे. आमवाताच्या इंजेक्शनची दिशा नेमकी याच्या उलटी: तिथे प्रतिकारयंत्रणेला आवरायचे असते, इथे मोकळे सोडायचे असते. दोन्हींना ‘प्रतिकारशक्तीचे औषध’ म्हणून एकाच पंक्तीत बसवणारे व्हिडिओ निरर्थक असतात.

आता आकडे. डोके व मानेच्या परत आलेल्या कर्करोगात निवोलुमॅबच्या मूळ मोठ्या अभ्यासात सुमारे १३ टक्के रुग्णांचीच गाठ लक्षणीय आक्रसली. वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण जुन्या उपचारांनी १७ टक्क्यांच्या आसपास होते, ते निवोलुमॅबने ३६ टक्के झाले. लाभ खरा आहे, पण तो सर्वांना मिळत नाही, आणि ‘बरा होतो’ हा शब्द इथे वापरू नये.

आपल्यासाठी अधिक महत्त्वाचे काम मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. नेहमीच्या मात्रेच्या सुमारे ६ टक्के, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, तोंडाने घ्यायच्या तीन स्वस्त औषधांच्या जोडीने दिले तर काय होते, हे तिथल्या डॉक्टरांनी अशाच १५१ रुग्णांमध्ये तपासले. केवळ गोळ्यांवर असलेल्यांपैकी वर्षभर जगलेले १६.३ टक्के होते, तर इंजेक्शनची जोड मिळालेल्यांत ते प्रमाण ४३.४ टक्के झाले. मध्यम आयुर्मान, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याच्या पुढे जगले तो काळ, ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेले. गुटख्याने आणि तंबाखूने गावेच्या गावे पोखरलेल्या आपल्या भागासाठी या अभ्यासाइतके उपयोगी संशोधन गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा थेट टाटामध्ये सर्व कागद घेऊन जा, कमी मात्रेचा हा उपचार मामांना चालेल का, असे स्पष्ट विचारा, आणि वेदनाशमनाची सोयही त्याच भेटीत मागा.

उपचार सुरू झाला तर एक दक्षता घ्यावी. ब्रेक सुटलेली प्रतिकारयंत्रणा आतडे, फुप्फुस, यकृत किंवा थायरॉइडवरही चालून जाऊ शकते, तीही काही महिन्यांनंतर. अशा रुग्णाला वारंवार जुलाब लागले आणि गावातल्या डॉक्टरांनी साधा अतिसार समजून सलाइन लावले, तर मोलाचे दिवस वाया जातात. उपाय स्टेरॉइडचा असतो. म्हणून इंजेक्शनचे नाव लिहिलेली चिठ्ठी मामांच्या खिशात कायम असू द्या.

प्रश्न : अशी इंजेक्शने चालू असताना प्रतिकारशक्ती वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घ्यावा का? (एक वाचक, जालना)

उत्तर : माझ्या मते घेऊ नये. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या काही रुग्णांची नोंद मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली; आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. वाद मिटेपर्यंत रुग्णाने स्वतःवर प्रयोग कशाला करावा? यकृताचा अहवाल बिघडला तर दोष इंजेक्शनचा की काढ्याचा, हे ठरवणे डॉक्टरांनाही अवघड जाते.

प्रश्न : अ‍ॅडालिमुमॅबची इंजेक्शने घरी ठेवायची आहेत, पण आमच्याकडे उन्हाळ्यात तासन्‌तास वीज नसते. (एक वाचक, औसा)

उत्तर : ही इंजेक्शने २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात. फ्रिजच्या दारात ठेवू नका, मधल्या कप्प्यात ठेवा, आणि वीज गेल्यावर फ्रिज उघडू नका. काही कंपन्यांचे इंजेक्शन २५ अंशांपर्यंत काही दिवस टिकते, तशी नोंद खोक्यातील माहितीपत्रकावर असते. पण मे महिन्यात आपल्या घरांतले तापमान त्याहून बरेच वर असते, तेव्हा त्या सवलतीवर विसंबू नये. महिन्याचा साठा एकदम न घेता प्रत्येक वेळी एकच इंजेक्शन घेणे बरे. औषध दुकानातून आणताना थर्मासमध्ये बर्फाची पिशवी कापडात गुंडाळून ठेवा, कारण इंजेक्शन थेट बर्फाला टेकले तर गोठू शकते. गोठलेले इंजेक्शन पुन्हा वितळून स्वच्छ दिसले तरी ते टोचू नये.