मंडळाने पटांगणात सिनेमा दाखवला, आता निर्मात्याची नोटीस आली

प्रश्न : मी लोअर परळच्या एका गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस. पाचव्या रात्री पटांगणात पडदा लावून आम्ही थिएटरला नुकताच लागलेला मराठी सिनेमा फुकट दाखवला. एका कार्यकर्त्याने तो टेलिग्रामवरून उतरवला होता. कुणीतरी रील टाकलं आणि निर्मात्याच्या वकिलाची नोटीस आली : १५ लाख भरपाई, लेखी माफी आणि सिनेमा कुठून आणला, कुणी आणला याची माहिती, सात दिवसांत. काही जण म्हणतात, धार्मिक कार्यक्रमाला कॉपीराइट लागत नाही. काही म्हणतात, ग्रुप डिलीट करून मोकळे होऊ. आई तर घाबरली आहे की बघायला बसलेल्या सगळ्यांवर केस होईल. काय करू?

उत्तर : ग्रुप डिलीट करायचं आजच डोक्यातून काढा. रील त्यांच्याकडे आहे आणि त्यात मंडळाचा बॅनर दिसतो. उद्या पोलिसांनी फोन मागितला आणि तो पुसलेला निघाला, तर पुरावा नष्ट केल्याचं वेगळं प्रकरण अंगावर येईल. सिनेमा ग्रुपमध्ये अजून पडून असेल तर आधी स्क्रीनशॉट घ्या, मग तो तिथून काढा आणि कुणीही पुढे पाठवू नये असं लिहा. ज्या लॅपटॉपवरून दाखवला तो आणि पेनड्राइव्ह जसेच्या तसे वकिलाकडे न्या.

आईंना सांगा, खुर्चीवर बसून पाहणाऱ्यांना भीती नाही. नुसतं पाहणं हा गुन्हा नाही, असं मुंबई हायकोर्टाचे न्या. गौतम पटेल यांनी २०१६ मध्येच स्पष्ट केलं होतं. प्रश्न दाखवणाऱ्यांचा आहे.

धार्मिक सवलतीचं म्हणाल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये ती आहे खरी, पण साहित्य, नाटक, संगीत आणि ध्वनिमुद्रणापुरती. सिनेमा तिच्यात बसत नाही. ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हेही म्हणू नका. तुम्ही पाठवलेली क्लिप मी पाहिली. पडद्याच्या खालून एक माणूस उठून जाताना दिसतो, मध्येच कुणीतरी खोकतं आणि कोपऱ्यात सट्ट्याच्या साइटचं नाव फिरत राहतं. ही कॅमेरा प्रिंट, म्हणजे थिएटरात पडद्यावरून चोरून टिपलेली प्रत, आहे हे शाळकरी पोरगंही सांगेल.

कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (जामीन द्यायचा की नाही हे कोर्ट ठरवतं) ठरवला, म्हणून नोटीस बाजूला टाकून बसू नका. त्याच कलमात तुमच्या कामाची एक तरतूदही आहे : धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल, तर विशेष कारणं नोंदवून कोर्ट याहून कमी शिक्षा देऊ शकतं.

सिनेमॅटोग्राफ कायद्यातली २०२३ ची दुरुस्ती दंडाच्या बाबतीत जास्त कडक आहे. चोरीची प्रत नफ्यासाठी लोकांना दाखवली, तर किमान तीन महिने कैद आणि ३ लाख दंड. तो निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. तुमचा शो फुकट होता, ही जमेची बाजू. पण पडद्याशेजारी कुणा बिल्डरचा ‘सौजन्य’ बॅनर होता का? त्याचे पैसे कशाच्या नावाने जमा झाले? दानपेटी कुठे होती? खजिनदाराकडून पावत्यांसकट सगळं काढून घ्या. समोरचा वकील इथेच बोट ठेवणार.

१५ लाखांचा आकडा ही फक्त मागणी आहे, दाव्यात नुकसान सिद्ध करावं लागतं. तरी निर्मात्याचा राग मला रास्त वाटतो. मराठी सिनेमाला पहिल्या आठवड्यात गर्दी झाली नाही की शो अडनिड्या वेळेला जातात, मग बंदच होतात. त्याच दिवसांत सिनेमा पटांगणात फुकट दिसला, तर त्याने कुणाकडे बघायचं?

आणि खरं तर त्याला तुमच्यापेक्षा तो टेलिग्राम चॅनल हवा असणार. निर्माते प्रदर्शनाआधीच अनोळखी चोरांविरुद्ध ‘अशोक कुमार’ या नावाने हायकोर्टातून मनाई हुकूम आणतात. नाव बदलून परत उगवणाऱ्या साइटही जुन्याच हुकमात ओढता येतील, अशी वाट दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये करून दिली. त्याच कोर्टाने २०२२ मध्ये क्लासच्या नोट्स चोरीला गेल्याच्या प्रकरणात टेलिग्रामला चॅनल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली. तेव्हा चॅनलची लिंक, फाइलचं नाव आणि उतरवल्याची तारीख ही तडजोडीतली तुमची सगळ्यात मोठी शिल्लक आहे. ती वकिलामार्फतच द्या, फोनवर बोलून वाया घालवू नका.

सिनेमा उतरवणाऱ्या त्या पोराला एकटं पुढे करू नका. सिनेमा दाखवायचं कार्यकारिणीने ठरवलं, तर उत्तरही मंडळाच्या नावाने जाऊ दे. त्याचं नाव द्यायचं की नाही हे वकिलाने ठरवावं, पण खोटं नाव किंवा रचलेली गोष्ट अजिबात नको. माफीचा मसुदाही तुम्ही लिहू नका, तो उद्या कबुली म्हणून समोर येईल. रक्कम ठरली तर आधी ठराव करा. वर्गणीच्या पैशाचा हिशेब धर्मादाय आयुक्तांना द्यावा लागतो.

पोलिसांची नोटीस आली तर वकिलाला घेऊन हजर व्हा, आणि अटकेची चिन्हं दिसली तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायला उशीर करू नका. एफआयआर झाल्यावर तडजोड केली तरी तो रद्द करायला हायकोर्टात जावं लागतं. म्हणून सात दिवसांच्या आत निदान मुदत वाढवून मागणारं पत्र वकिलाकडून जाऊ द्या, आणि त्याची पोच जपून ठेवा.