एसएमएच्या ट्रायलला होकार देण्याआधी

परभणीच्या ताईंनी विचारलंय: बाळ आठ महिन्यांचं, एसएमए टाइप १ (स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार, त्याचा तान्ह्या बाळांतला गंभीर प्रकार), मुंबईत औषधाच्या ट्रायलसाठी बोलावलंय, बाळाला खोटं औषध तर देणार नाहीत ना?

ताई, हे सही करण्याआधी डॉक्टरांना थेट विचारा. नुसिनर्सेन या पाठीच्या कण्यात टोचायच्या एसएमएच्या औषधाच्या बाळांवरच्या मोठ्या चाचणीत तीनातल्या एकाला औषध नव्हतं. त्याच्या पाठीवर नुसती सुई टोचून पट्टी लावली जायची. मधल्या तपासणीतच फरक इतका दिसला की चाचणी आटोपती घेऊन त्या बाळांनाही औषध दिलं. रिसडिप्लाम या तोंडाने द्यायच्या औषधाच्या चाचणीत सगळ्या बाळांना औषधच मिळालं, तुलना औषध न मिळालेल्या बाळांच्या जुन्या नोंदींशी केली. आज औषधं असताना टाइप १ च्या बाळाला विनाऔषध गटात ठेवणं मला मुळीच पटत नाही.

एमएलपीए या जनुक तपासणीचा मूळ रिपोर्ट जवळ ठेवा, त्यात एसएमएन२ या जनुकाच्या प्रती किती ते बघतात. जीन थेरपी (चांगलं जनुक शरीरात सोडण्याचा उपचार) असेल तर आधी एएव्ही९ च्या, म्हणजे ते जनुक वाहून नेणाऱ्या विषाणूच्या, अँटिबॉडी तपासतात. जीन थेरपी एकदा घेतली की पुढच्या कित्येक ट्रायलमध्ये बाळाला घेत नाहीत, हे आधीच लक्षात घ्या.

आता गुणांचं. बाळाच्या हालचालींची ताकद चॉप-इंटेंड नावाच्या तपासणीने मोजतात. त्यात १६ कृती, प्रत्येकीला ० ते ४, एकूण ६४. बाळ भुकेलं, पेंगुळलेलं किंवा रडवेलं असलं तर अंगात ताकद असूनही गुण पडतात. मग पहिलाच आकडा खोटा ठरतो, आणि पुढची सुधारणा औषधाची की झोपेची हे कळत नाही. म्हणून रात्रभर प्रवास करून सकाळी थेट तपासणीला नेऊ नका, आदल्या दिवशी पोचा. बसपेक्षा देवगिरी एक्स्प्रेसचा बर्थ बरा: या बाळांच्या बरगड्यांचे स्नायू दुबळे असतात, श्वास पोटाने चालतो, त्यामुळे बऱ्याच जणांना मांडीवर बसवण्यापेक्षा आडवं ठेवलेलं सोसतं. कफ ओढून काढायचं सक्शन मशीन चार्ज करून सोबत घ्या. तपासणी दूध पाजल्यावर साधारण तासाभराने ठेवायला सांगा. खोली गार नको, कारण बाळाला जवळपास उघडं ठेवतात.

संमतीच्या कागदात सीटीआरआय नंबर (ट्रायलचा सरकारी नोंदणी क्रमांक), रात्री लागणारा फोन नंबर, प्रवासखर्च, आणि ट्रायल संपल्यावर औषध कोण देणार हे बघा. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार मोफत असतात, आणि मधूनच बाहेर पडायचा हक्क तुमचाच.

निघायच्या दिवशी सर्दी किंवा कफ वाटला तर आधी फोन करा. ठरल्या तारखेच्या मागेपुढे सहसा काही दिवसांची सवलत असते.