नाशिकहून महापाषाणयुगीन शिलावर्तुळे पाहायला कुठे जावे?

नाशिकच्या आसपास महापाषाणयुगीन दफने, म्हणजे मोठमोठे दगड मांडून केलेल्या प्राचीन कबरी, पाहता येतील का, असे आपण विचारले आहे. मीही नाशिककर आहे. माझा सल्ला असा की त्यासाठी थेट नागपूर गाठावे, कारण महाराष्ट्रातील शिलावर्तुळांचे मुख्य समूह विदर्भातच आहेत.

आपल्याकडची परंपरा वेगळी होती. जुन्या नाशकातील मातीच्या गढीवर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये उत्खनन केले आणि त्याच सुमारास संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथेही काम झाले. या गावावरून नाव पडलेल्या जोर्वे संस्कृतीचे, म्हणजे तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणारे शेतकरी लोक आपली मृत मुले तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत ठेवून राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत, हे नेवासे आणि इनामगाव येथे स्पष्ट दिसले. विदर्भातील लोकांनी मात्र मृतांसाठी उघड्या माळावर मोठमोठे दगड गोलाकार मांडले आणि आतली जागा दगडगोटे व मातीने भरली. काळाच्या दृष्टीने उत्तर-जोर्वे (म्हणजे या संस्कृतीच्या शेवटच्या टप्प्यातील) वस्ती आणि ही वर्तुळे काही शतके समकालीन ठरतात, म्हणूनच हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

केवळ दगड पाहून परत येऊ नका, त्या समाजाचा विचार करा. नागपूरजवळच्या माहुरझरीच्या दफनांत माणसांबरोबर घोडेही पुरलेले सापडले. घोड्याच्या तोंडावर तांब्याच्या पत्र्याचा अलंकार होता आणि तोंडात घालण्याचा लगाम लोखंडी होता. इतके मौल्यवान जनावर आणि इतका धातू मातीत घालणाऱ्या घराण्याची प्रतिष्ठा निश्चितच मोठी असणार. त्याच माहुरझरीत मौल्यवान दगडांचे मणी घडवले जात. नागपूर जिल्ह्यातील नायकुंड येथे तर वस्तीबरोबर लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली, तिचा काळ साधारण इ. स. पू. सातवे शतक मानतात. हे लोक कोण, हा प्रश्न केवळ कबरींवरून सुटत नाही, आणि वस्तीची उत्खनने कबरींच्या मानाने थोडी झाली आहेत, ही माझ्या मते या संशोधनातील सर्वांत मोठी उणीव आहे.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी नागपूर-काटोल रस्त्यावरील जुनापाणी सोयीचे. ब्रिटिश अधिकारी रिव्हेट-कार्नॅक यांनी एकोणिसाव्या शतकातच तेथे खोदकाम केले होते. तेथील काही दगडांवर वाटीसारखे छोटे खळगे कोरलेले आहेत. ते ठरावीक दिशांच्या दगडांवरच का, याचा संबंध काही अभ्यासकांनी आकाशनिरीक्षणाशी जोडला आहे. हे खळगे सकाळच्या तिरप्या उन्हात चांगले दिसतात, म्हणून लवकर पोहोचावे.