केशर की केसर? (आणि कुंकवाचा काय संबंध?)

इथल्याच, म्हणजे बडोद्यातल्याच एका ताईंनी विचारलंय की शेजारच्या गुजराती बेन श्रीखंडाच्या डब्यावरचं 'केसर' दाखवून म्हणतात, तुमचं केशर चुकीचं, खरा शब्द केसर. तर बरोबर काय?

ताई, बेनना खुशाल सांगा की दोन्ही बरोबर. संस्कृतातच केसर आणि केशर अशी दोन्ही रूपं आहेत, गुजराती-हिंदीने स धरला आणि आपण श. पण आपण स टाकूनही दिलेला नाही बरं का, मराठीने चक्क वाटणी केलीय. स्वयंपाकघरात श, म्हणजे केशर, केशरी भात, नागकेशर, आणि शाळेच्या पुस्तकात स, पुंकेसर नि स्त्रीकेसर. कुस्तीतला महाराष्ट्र केसरी पण स वालाच, कारण तो सिंह. टिळक-आगरकरांचा 1881 चा 'केसरी' पण सिंहच, त्याचा रंगाशी काही संबंध नाही, हे मी कितीजणांना सांगितलं असेल देव जाणे.

कारण मुळात केसर म्हणजे ना वास ना रंग. केसर म्हणजे आयाळ, किंवा फुलातले केसांसारखे तंतू. आयाळ असते तो केसरी. आणि आपण दुधात घालतो ती काडी पण फुलातला तंतूच, स्त्रीकेसराचं टोक, एका फुलात तीनच, म्हणून किलोभराला दीड लाखाच्या आसपास फुलं खुडावी लागतात आणि म्हणून ते भाव. म्हणजे आकारावरून पडलेलं नाव मालालाच चिकटलं.

मग मालाचं जुनं नाव काय, तर कुंकुम! अमरकोशात कुंकुमाला काश्मीरजन्म असा पर्याय दिलाय, म्हणजे काश्मिरातल्या पांपोरचं हेच केशर. आपलं कुंकू त्यातूनच आलं, गुजरातीतलं कंकू पण. पण करंड्यात बसली कोण, तर हळद, चुना नाहीतर टाकणखार लावून लाल केलेली. नाव केशराचं नि माल हळदीचा, आणि भेसळ म्हणून कुणी तक्रार पण केली नाही :)

रंगाचं तर त्याहून अजब. कोमट दुधात चार काड्या टाकून बघा, काडी लालच राहते आणि दूध पिवळं होतं, आपण ज्याला केशरी म्हणतो ते नारिंगी कुठेच दिसत नाही. (काडी पांढरी पडली नि दूध लगेच लाल झालं तर दुकान बदला.) केसर आंब्याचं नाव मात्र गराच्या रंगावरूनच पडलं, जुनागढच्या नवाबाने 1934 मध्ये ठेवलं म्हणतात. तिथे मात्र मी पण स च म्हणते, गीरचा आंबा आहे, त्यांचा मान त्यांना.

झाफरान हा केशरालाच असलेला दुसरा शब्द, अरबीतून आलेला, आपल्याकडे तो तंबाखूच्या डबीवरच जास्त दिसतो.

आणि नागकेशर वेगळं हं, वेगळ्याच झाडाचं. गोड्या मसाल्यासाठी भाचीला गांधीच्या, म्हणजे मसाले-जडीबुटीवाल्याच्या दुकानात पाठवलं होतं, तिला अर्धाच शब्द लक्षात राहिला नि ती केशराची एक ग्रॅमची डबी घेऊन आली. मसाला राहिला, श्रीखंड झालं.