व्हर्टस जीटी खाली घ्यायचीय, २ लाख २० हजारांचं पर्सनल लोन काढू का?

पुण्याच्या एका वाचकाने विचारलंय. वय ३१, आयटीत नोकरी, हातात येणारा पगार १ लाख १० हजार, घराचा हप्ता ३८ हजार, गाडीचा १९ हजार आणि तो अजून १४ महिने आहे, घरखर्च ३० हजार, एसआयपी १० हजार, बँकेत बाजूला ठेवलेले १ लाख २० हजार. आई-बाबा सोबत राहतात, त्यांचा मेडिक्लेम फक्त कंपनीचा. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, १.५ लिटर, पावणेचार वर्षं झाली. गॅरेजने कॉइलओव्हर (उंची कमी-जास्त करता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा जोड), अलॉय, टायर आणि मजुरी धरून २ लाख २० हजार सांगितलेत, गाडी ४० मिलिमीटर खाली येईल, आणि बँक १४ टक्क्यांनी ३ वर्षांसाठी कर्ज द्यायला तयार आहे.

तुमचा मेल दोनदा वाचला. ताम्हिणीत पहाटे गाडी चालवताना तुम्हाला काय वाटतं ते तुम्ही इतकं मनापासून लिहिलंय की "कशाला हवंय हे" असं मी म्हणणारच नाही, माणूस दिवसभर राबतो ते अशा एखाद्या गोष्टीसाठीही राबतो. पण हे कर्ज काढू नका.

हप्ता साधारण साडेसात हजार पडेल. ३ वर्षांत बँकेला २ लाख ७० हजारांच्या वर जातील, म्हणजे पन्नास हजार नुसतं व्याज. आज सगळं जाऊन तुमच्याकडे महिन्याला १३ हजार उरतात, ते होतील साडेपाच. मला खरी काळजी बँकेतल्या त्या १ लाख २० हजारांची वाटते. दोन्ही हप्ते आणि घरखर्च मिळून महिना ८७ हजारांचा आहे, म्हणजे उद्या नोकरी गेली तर ते पैसे दीड महिनाही पुरणार नाहीत, आणि नोकरीबरोबर आई-बाबांचा मेडिक्लेमही जाईल. आयटीत हे काही नवीन राहिलेलं नाही.

आता गाडीचं. व्हर्टसचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं पोट यातलं अंतर, १७९ मिलिमीटर, तोही रिकाम्या गाडीचा. ४० गेले की उरले १३९, त्यात चार माणसं आणि भरलेली डिकी म्हणजे अजून कमी. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा, व्हर्टसचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २.६५ मीटर, म्हणजे असा रुंद असेल तर गाडी अख्खी वर चढते आणि उतरते, पोटाला काही होत नाही. आपल्या सोसायट्यांमध्ये आणि गावांच्या तोंडाशी जे असतात ते फूट-दोन फूट रुंदीचे उंचवटे, ते पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे येतात आणि त्यांची सगळी उंची गाडीच्या पोटातूनच जाते.

माझ्याच एका क्लायंटचं सांगतो. नुसत्या स्प्रिंग बदलून गाडी खाली घेतलेली, घरचे चार जण घेऊन लग्नाला निघाले, एका गावात खालून खाडकन लागलं. ऑइलचा लाल दिवा लागला तरी पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ म्हणून गाडी तशीच रेटली आणि इंजिन जाम झालं. तो ऑइल संप, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, मी नंतर बघितला, अंगठ्याएवढी चीर आणि बाजूला घासून चकचकीत झालेलं अॅल्युमिनियम, बस एवढंच. संपचा क्लेम बदल कळवला नव्हता म्हणून कापून मिळाला, इंजिनचा मिळालाच नाही, कारण धडकेनंतर गाडी चालवत राहिल्याने होणारं पुढचं नुकसान साध्या पॉलिसीत येतच नाही.

म्हणून कुठलाही पार्ट बदलायच्या आधी इन्शुरन्स कंपनीला ईमेल करा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरच्या "चालतंय हो" वर जाऊ नका. कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील आणि कंपनीचं मूळ स्पेसिफिकेशन यात फरक पडेल असा बदल करायचा नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच धरून निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलं. आरटीओतही आधी विचारा. शिवाय सस्पेन्शनला हात लावलात तर त्या भागाच्या वॉरंटीवर वाद होणारच, आणि विकताना हे पैसे परत येत नाहीत, गिऱ्हाईक उलट ओरिजिनल शॉकअप मागतं. काढलेले पार्ट भंगारात देऊ नका.

मग करायचं काय? उरणाऱ्या १३ हजारांतले १० हजार दर महिन्याला लिक्विड फंडात (लगेच पैसे काढता येतात असा म्युच्युअल फंड) किंवा आरडीत टाका. १४ महिन्यांनी जुने धरून २ लाख ६० हजार होतील, तेव्हा गाडीचा हप्ताही संपलेला असेल, म्हणजे महिन्याची गरज ६८ हजारांवर येईल आणि जवळपास चार महिन्यांची सोय झाली. दिवाळीचा बोनस येईल त्यातून आधी आई-बाबांची वेगळी हेल्थ पॉलिसी घ्या, वय वाढलं की प्रीमियमही वाढतो आणि आधीच्या आजारांचे प्रश्नही.

उरलेले ३ हजार गाडीचे, त्यातून १४ महिन्यांत ४२ हजार. याचे चार चांगले टायर घ्या, मूळ २०५/५५ आर१६ साइजमध्येच. तुम्ही लिहिलंय की वळणावर गाडी पुढून बाहेर सरकते, त्याला पहिला उपाय टायरच, उंची नाही. पावणेचार वर्षांचे मूळ टायर अजून असतील तर टायरच्या बाजूवरच्या (साइडवॉल) कोडचे शेवटचे चार आकडे बघा, २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा.

गाडीचा हप्ता संपला की त्या १९ हजारांतले १० हजार गाडीच्या नावाने ठेवा, बाकीचे एसआयपीत वाढवा. सात-आठ महिन्यांत ७५-८० हजार जमतील आणि मूळ उंचीवरच चालणारे चांगले शॉकअप बसवता येतील, रोख पैशात, कर्जाविना. तेव्हाही खाली घ्यायचीच असेल तर लेखी परवानगी हातात असू द्या आणि स्प्रिंगबरोबर जुळणारे शॉकअपही घ्या, कारण मूळ शॉकअपवर आखूड स्प्रिंग टाकली की त्याला वर-खाली व्हायला जागा कमी पडते, तो सारखा बंपस्टॉपवर (शेवटी अडवणाऱ्या रबरावर) आदळतो आणि लवकर तेल सोडतो. चाकांचं अलाइनमेंट पार्ट बसवल्यावर एकदा आणि थोडं चालवून स्प्रिंग स्थिरावल्यावर परत एकदा करायचं, नाहीतर टायर आतल्या कडेने खाल्ले जातात आणि ते बाहेरून दिसतही नाही.

या रविवारी घरच्यांना बसवून सोसायटीच्या स्पीडब्रेकरवर गाडी थांबवा, पुढची चाकं उतरलेली, मागची अजून चढायची, आणि खाली टेप लावून किती जागा राहते ते मोजा. त्यातून ४० वजा करा आणि जो आकडा येईल तो मला कळवा.